पहिल्या भेटीनंतरची दुसरी भेट



मनाचे दुखणे हे खात्यापित्या घरचे चोचले आहेत, असे मानणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. कष्टकऱ्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांतही ते आढळतात, ही खेदाची गोष्ट होय. जुन्नर तालुक्यात माळशेज घाटाच्या अलीकडे असलेल्या मढसारख्या गावाचा विचार करावा. झोप उडालेल्या, अन्नावरची वासना गेलेल्या बाईला अशा गावातून प्रथम देवऋषीकडे नेतात. गुण आला नाही की सलाइन लावतात. पुढे केव्हातरी कोणी मानसोपचाराचे नाव काढतो. तेथे नेमके काय होते, हे मात्र तिला कोणीच सांगत नाही.

तेथे होते ते बोलणे. पहिली भेट साधारणतः पाऊण तास ते तासभर चालते. झोप, भूक, घरातील माणसे, कर्ज, दारू, पूर्वीची दुखणी यांची विचारपूस होते. जीव द्यावासा वाटतो का, असेही सरळ विचारले जाते. त्या प्रश्नाने कोणी दचकू नये. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट पुष्कळांना बोलण्याची वाट सापडते. सांगितलेले गुप्त राखण्याचे बंधन 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने घातले आहे. कोणाच्या जिवाला धोका असेल तर त्याला अपवाद असतो, आणि तो अपवाद चांगला उपचारक आरंभीच सांगून ठेवतो. त्याचे शिक्षण काय, फी किती, किती भेटी लागतील, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. गोळ्यांची गरज भासली तर त्या मनोविकारांचा डॉक्टर देतो. दोन्ही उपचार एकत्रही चालतात.

पहिल्याच दिवशी हलके वाटेल, अशी अपेक्षा मात्र धरू नये. जुनी जखम उघडल्यावर पहिले काही दिवस त्रास वाढूही शकतो. उपचारक तयार उपदेश देत नाही; काय बदलायचे ते दोघांनी मिळून ठरवायचे असते, आणि दोन भेटींच्या मधल्या दिवसांत घरी थोडे करून पाहायचे असते. काही भेटींनंतरही फरक दिसला नाही तर तसे स्पष्ट बोलावे, उपचारक बदलावा.

आता खर्चाचा प्रश्न. गोळ्या महिन्याच्या एकदम आणता येतात, बोलण्याचा उपचार साठवून ठेवता येत नाही. त्यासाठी दर आठवड्याला जावे लागते. ऐन आवणीत रोज बुडवून, एस. टी. चे भाडे भरून, सोबतीला आणखी एका माणसाचा रोज बुडवून पुणे गाठायचे असेल, तर उपचारकाने फी माफ केली तरी दुसरी भेट होत नाही. मग लोक म्हणतात, खेड्यातल्या बायकांना चिकाटी नसते!

वस्तुतः या अडचणीवर तोड आहे. गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटी घेतल्या. प्रत्येक भेट अर्ध्या-पाऊण तासाची, केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यांतील 64 टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते; नेहमीचीच, पण थोडी सुधारलेली सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते. देखरेख अर्थातच होती, आणि ती वगळून ही योजना स्वस्तात उरकू पाहणाऱ्यांपासून सावध राहिले पाहिजे.

ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर टेलि-मानस ही सरकारी सेवा चोवीस तास मोफत मिळते. तिचा उपयोग जरूर करावा. परंतु एका खोलीच्या घरात सासूसमोर बसून सुनेने फोनवर काय बोलावे? आणि डोंगराआड गेले की रेंजही जाते.

मानसिक सेवेसाठी कोणास लांबचा प्रवास करावा लागू नये, ती राहत्या जागेजवळ असावी, आणि दारिद्र्यरेषेखालील माणसाला सरकारी ठिकाणी ती मोफत मिळावी, असे त्याच कायद्याचे कलम 18 सांगते. हा कायदा 29 मे 2018 पासून अमलात आहे. ग्रामसभेत रस्ता आणि पाणी यांच्या जोडीने एवढेच विचारावे: आमच्या आरोग्य केंद्रात समुपदेशक कोणत्या वारी बसतो, आणि पुढच्या आठवड्यात त्याच वारी तोच भेटेल काय?