पर्वतीच्या पायऱ्यांवरील परिचय

पुण्याच्या पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. वरील देवदेवेश्वराचे देवालय नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीतील, १७४९ सालचे. पहाटे तेथे वकील, डॉक्टर, व्यापारी चढताना दिसतात. हल्ली संगणकाच्या व्यवसायातील तरुणही येतात. व्यायाम आणि व्यवसायातील ओळखी एकाच फेरीत साधाव्यात, असा पुष्कळांचा हेतू असतो. त्यास माझा आक्षेप नाही. मात्र बोलणे उतरताना करावे. ज्या गतीने चालताना बोलता येते, पण गाता येत नाही, तो मध्यम व्यायाम समजावा, असे डॉक्टर सांगतात. पायऱ्या चढताना तर बोलणेही तुटते. दम लागलेल्या गृहस्थापाशी कामाची गोष्ट काढणे म्हणजे त्याला वाटेत अडविणेच होय!

नोकरी गेलेला माझा एक जुना विद्यार्थी मध्यंतरी माझ्याबरोबर येऊ लागला. पंधरा दिवस त्याने कोणापाशी शब्द काढला नाही. केवळ नमस्कार करी. एके दिवशी उतरताना एका वृद्ध कारखानदारांनीच विचारले, "आपण काय करता?"

"सध्या काही नाही," तो म्हणाला.

त्याची शिफारस माझ्या ओठांवर आली होती. पण मी मुद्दाम चार पायऱ्या मागे राहिलो. त्यांच्या कारखान्यात जागा नव्हती. तथापि दुसऱ्या दिवशी ते पायथ्याशी त्याची वाट पाहत उभे होते.