लेखणी आणि पडदा



लेखक चित्रपटाकडे वळला, की तो संवादांचा पाऊस पाडणार, अशी आपली समजूत असते. डेन्मार्कचे कार्ल थिओडोर ड्रायर यांचे चरित्र मात्र नेमके उलटे सांगते. १८८९ साली कोपनहेगनला जन्मलेले हे गृहस्थ मूळचे वार्ताहर. पुढे 'नॉर्डिस्क' या चित्रसंस्थेत मूकपटांच्या अक्षरपाट्या आणि पटकथा लिहू लागले. थोडक्या अक्षरांत पुष्कळ सांगायचे, ही तालीम त्यांना तिथेच मिळाली असावी, असे आम्हांला वाटते.

१९१९ साली ते दिग्दर्शक झाले. १९२८ च्या 'जोन ऑफ आर्क'ला त्यांनी १४३१ च्या खटल्याच्या कागदपत्रांचा आधार घेतला. पण पडद्यावर बोलतो तो फाल्कोनेत्ती या नटीचा चेहरा! न्यायाधीश प्रश्न करतात आणि उत्तर आपण तिच्या डोळ्यांत वाचतो. १९५५ साली काइ मुंक यांच्या नाटकावरून त्यांनी चित्रपट केला. त्याचे नाव 'शब्द', आणि त्यातच त्यांनी नाटकातले पुष्कळ शब्द गाळले! व्हेनिसचा सुवर्णसिंह त्यालाच मिळाला.

या हट्टाची किंमतही जबर पडली. १९३२ च्या 'व्हॅम्पायर'ला प्रेक्षकांनी झिडकारले. पुन्हा वृत्तपत्राची चाकरी आली. पुढचा कथापट यायला १९४३ उजाडले. १९६८ साली ते वारले, तेव्हा मागे कथापट अवघे १४. येशूच्या जीवनावरील चित्रपट कागदावरच राहिला.

तरीही त्यांनी भरतीचा एक शब्द घातला नाही. लेखक म्हणून त्यांची थोरवी आम्ही यातच मानतो.