पांच मिनिटांचें चित्र

विद्यार्थ्याच्या हातीं पूर्वीं पाटी असे, मग बोरू आला, पुढें टांक आला. आज पुष्कळ घरांत त्याच्या हातीं चालतें-बोलतें चित्र टिपणारें यंत्र आहे. खिशांतील मोबाइल हेंच तें यंत्र. शाळा व महाविद्यालयेंहि आतां निबंधाच्या जोडीला लहानशी चित्रफीत तयार करावयास सांगूं लागलीं आहेत. हें एका अर्थीं चांगलेंच झालें. परंतु साधन सुलभ झालें म्हणजे विद्या सुलभ झाली असें नव्हे. टांक स्वस्त झाला म्हणून कोणाचें अक्षर वळणदार झालें नाहीं. तीच गोष्ट येथें लागू पडते. मुलें यंत्र घेऊन उत्साहानें बाहेर पडतात, दिसेल तें टिपतात, आणि सायंकाळीं दोन तासांचा ढीग घेऊन परत येतात. त्या ढिगांतून पांच मिनिटांची गोष्ट मात्र कांहीं केल्या निघत नाहीं. उणीव यंत्राची नसते, योजनेची असते. आणि त्या योजनेचाच थोडा विचार या भाषणांत करावयाचा आहे.

या विद्येचा पहिला धडा महाराष्ट्रांतच सांपडतो. धुंडिराज गोविंद फाळके हे १९१२ सालीं विलायतेहून परतले, तेव्हां छायायंत्राची सोय झाली होती, पण मोठ्या चित्रपटास लागणारें भांडवल जवळ नव्हतें. पैसा लावणाराची खात्री पटविण्यासाठीं त्यांनीं एक अगदीं छोटें चित्र केलें. कुंडींत वाटाण्याचें बीं पेरलें, यंत्र समोर एका जागीं बसविलें, आणि महिनाभर रोज थोडीं थोडीं चित्रें घेऊन अंकुराचा वेल होतांना पडद्यावर दाखविला. ‘अंकुराची वाढ’ या नांवानें हें चित्र ओळखलें जातें. पडद्यावर तें सुमारें एका मिनिटांत संपे. मूकपटाच्या काळचीं सेकंदास सोळा चित्रें धरलीं, तर एका मिनिटास नऊशें साठ चित्रें होतात. तेवढ्यासाठीं एक महिन्याची चिकाटी! त्या चित्रांत नट नव्हते, पोशाख नव्हते, राजवाडा नव्हता. होती एक कुंडी. परंतु काय दाखवावयाचें, कोठून दाखवावयाचें व किती वेळ दाखवावयाचें, हें सारें पहिलें चित्र घेण्यापूर्वीं ठरलें होतें. दहाव्या दिवशीं यंत्राला कोणाचा धक्का लागता, तर पहिल्या नऊ दिवसांचे श्रम फुकट जाते. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन नाट्यगृहांत लोकांपुढें आलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाचें मूळ अशा रीतीनें एका वाटाण्यांत आहे.

दुसरा धडा परदेशांतला आहे, आणि तो कांहींसा कडू आहे. रॉबर्ट फ्लाहर्टी नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें कॅनडाच्या हिमप्रदेशांत राहणाऱ्या इन्युइट लोकांचीं चित्रें १९१४ ते १९१६ या काळांत घेतलीं. टोरोंटो शहरीं त्यांची जुळवाजुळव करीत असतां त्याच्याच हातची सिगारेट फितीवर पडली आणि सुमारें तीस हजार फूट मूळ फीत जळून गेली. एक जोडणी केलेली प्रत तेवढी वांचली होती. ती लोकांस दाखवितांना त्याच्या ध्यानांत आलें, कीं आपण येथलें थोडें, तेथलें थोडें असें पुष्कळ दाखविलें, परंतु माणूस असा एकहि दाखविला नाहीं. १९२० सालीं तो पुन्हां तिकडे गेला. या खेपेस त्यानें एक शिकारी व त्याचें कुटुंब एवढेंच डोळ्यांसमोर ठेविलें. १९२२ सालीं प्रसिद्ध झालेला ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ हा चित्रपट तो हाच. एका अपघातांतून दोन नियम मिळाले: चित्राची दुसरी प्रत नेहमीं निराळ्या जागीं ठेवावी, आणि प्रदेश दाखविण्याचा हव्यास सोडून एक माणूस दाखवावा.

आतां हे नियम एखाद्या घरगुती उदाहरणास लावून पाहावे. समजा, नवव्या इयत्तेंतील पांच मुलांनीं कल्हईवाल्यावर पांच मिनिटांचें चित्र करावयाचें ठरविलें. विषय उत्तम आहे. कल्हईला आरंभ, मध्य व शेवट निसर्गतःच आहेत: काळवंडलेलें भांडें येतें, विस्तवावर तापतें, आणि चांदीसारखें चकाकत परत जातें. शिवाय त्यांत शास्त्रहि आहे. बिनकल्हईच्या तांब्यापितळेच्या भांड्यांत आंबट पदार्थ ठेवला तर तो कळकतो, हें प्रत्येक घरच्या आजीबाईंस ठाऊक असतें. तांबें वितळण्यास हजार अंशांहून अधिक उष्णता लागते, पण कथील २३२ अंशांवरच पातळ होतें. म्हणून भांड्यास इजा न होतां त्यावर कथलाचा थर चढवितां येतो. नवसागर हा धातूवरील मळ काढून टाकतो आणि कथील पृष्ठभागास धरूं लागतें.

मुलांनीं पहिल्या दिवशीं यंत्र घरीं ठेवून जावें, हें सर्वांत महत्त्वाचें. कारागिराजवळ बसावें, त्याचें काम पाहावें, त्याची परवानगी मागावी, आणि त्याच्या कामाच्या वेळाचा मोबदला काय द्यावयाचा हेंहि मोकळेपणीं ठरवावें. विद्यार्थ्यांचें काम म्हणून दुसऱ्याचा अर्धा दिवस फुकट घेण्याचा अधिकार कोणास प्राप्त होत नाहीं. मग घरीं येऊन आपलें चित्र कशाविषयीं आहे, तें एका वाक्यांत लिहावें. वाक्य लिहितां येत नसेल, तर चित्रहि घेतां येणार नाहीं असें खुशाल समजावें.

त्यानंतर कागदावर तीन रकाने आंखावे: काय दिसेल, काय ऐकूं येईल, आणि किती सेकंद. पांच मिनिटें म्हणजे तीनशें सेकंद; ही शिल्लक जपून खर्चिली पाहिजे. काळें पातेलें वीस सेकंद, खड्डा, भाता व विस्तव चाळीस, नवसागर व कथील साठ, कारागिराचें बोलणें एकशेंवीस, भांडें घरीं परत जातांना चाळीस, आणि शेवटीं नांवें वीस. झाली तीनशेंची बेरीज. असा हिशेब मांडला म्हणजे ‘बाजारपेठहि घेऊं, देऊळहि घेऊं’ हा मोह आपोआप सुटतो. पांच जणांचीं कामेंहि वांटून घ्यावीं: एकानें यंत्र, एकानें आवाज, एकानें प्रश्न, एकानें वही, आणि एकानें सर्वांवर देखरेख. पांचहि जण दिग्दर्शक झाले, तर कल्हई कोणाच्याच हातीं लागत नाहीं.

घेतांना यंत्र आडवें धरावें व स्थिर ठेवावें. प्रत्येक दृश्य निदान दहा सेकंद घ्यावें, म्हणजे जोडतांना कापावयास जागा राहते. सूर्य माणसाच्या पाठीमागें ठेवूं नये, नाहीं तर चेहऱ्याऐवजीं सावलीच मिळते. मध्येंच कोणाचा फोन येऊं नये अशी व्यवस्था आधीं करावी. आवाजासाठीं दुसरें यंत्र बोलणाराच्या जवळ ठेवावें. डोळा दुरून पाहूं शकतो, पण यंत्राचा कान दुरून ऐकूं शकत नाहीं. बोलणें आटोपल्यावर अर्धें मिनिट कोणीं कांहींच न बोलतां त्या जागेची नुसती शांतता टिपून घ्यावी. जोडकामांत तिचा फार उपयोग होतो. आणि कथील पसरण्याचा क्षण! तापलेल्या भांड्यांत नवसागराचा पांढरा धूर उठतो, कारागीर कापसाचा बोळा फिरवितो, आणि पाहतां पाहतां काळ्याचें पांढरें होतें. तो कांहीं सेकंदांचा खेळ पुन्हां होत नाहीं. त्यासाठीं दोन यंत्रें दोन बाजूंस आधींपासून सज्ज असलीं पाहिजेत. योजना हवी ती याच क्षणाकरितां.

परंतु योजनेचीहि एक मर्यादा आहे, आणि खरी परीक्षा तेथेंच होते. मुलांनीं घरीं बसून लिहिलेलें वाक्य बहुधा असें असतें: ‘मरणोन्मुख धंद्याची करुण कहाणी.’ मग प्रश्नहि त्याच साच्याचे होतात: ‘धंदा बसला ना?’ बिचारा कारागीर ‘होय’ म्हणतो, आणि पुढें म्हणण्यास त्यास कांहीं उरत नाहीं. त्याऐवजीं ‘पहिल्यानें हातानें केलेलें भांडें कोणतें?’ असें विचारलें, तर कदाचित् तो हंसेल, बाप कसा रागावला तें सांगेल, आपल्या हातच्या कल्हईचा अभिमानहि बोलून दाखवील. तेव्हां मुलांपुढें पेंच पडतो: आपलें वाक्य राखावयाचें कीं समोरचा माणूस? करुण संगीत मागें घातलें, त्याचें हंसूं कापून टाकलें, तर वाक्य राहतें. पण ज्यानें विश्वासानें आपल्या दाराशीं बसूं दिलें, त्याचा तो उपमर्द होतो. वाक्य खोडून नवें लिहावें, हाच सरळ मार्ग होय.

येथें कोणी म्हणेल, फ्लाहर्टीनेंहि बर्फाचें अर्धें घर बांधून आंतील दृश्यें घेतलीं होतीं. कारण पुऱ्या घरांत उजेड पुरत नव्हता. तें खरें आहे, आणि त्यावर आजवर वाद चालला आहे. उजेडासाठीं कारागिरास दोन हात अलीकडे बसण्याची विनंति करणें वेगळें, आणि त्याच्या तोंडीं न आलेलें दुःख त्यास चिकटविणें वेगळें. एकांत सोय आहे, दुसऱ्यांत असत्य आहे. नवव्या इयत्तेंतील मुलास हा भेद कळला, तर शाळेचें काम झालें.

संगीताविषयीं एवढेंच, कीं दुसऱ्याचें ध्वनिमुद्रित गीत विनापरवानगी उचलूं नये. १९५७ च्या कायद्यान्वयें ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षें राहतो. आणि भात्याचा श्वास व भांड्याची किणकिण जवळ असतां उसन्या सुरांची गरज तरी काय? जोडकाम झाल्यावर चित्र एकदां डोळे मिटून ऐकावें, एकदां आवाज बंद करून पाहावें. दोन्ही वेळां गोष्ट समजली तर तें साधलें. मूळ दृश्यांच्या दोन प्रती दोन घरीं ठेवाव्या.

शेवटचें काम मात्र चुकवूं नये. चित्र शाळेंत दाखविण्यापूर्वीं तें कल्हईवाल्यास दाखवावें, आणि तो जें बदलावयास सांगेल तें आदरानें बदलावें. तो स्वस्थपणें पाहत राहिला आणि शेवटीं ‘हें माझेंच काम’ एवढें जरी म्हणाला, तरी मुलांना गुण किती मिळाले याची चौकशी घरच्यांनीं केली नाहीं तरी चालेल.