न बुडालेल्या गावचे पूरग्रस्त



पाणी आपल्या उंबऱ्याला लागले नाही म्हणजे आपण वाचलो, असे नव्हे. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर चढले. वाहतूक कित्येक दिवस बंद. कोल्हापूरचे दूध मुंबईस पोहोचेना. त्या आठवड्यात मी रामवाडीहून एस.टी.ने अलिबागेस गेलो. पूर शेकडो मैल दूर. पण खानावळीत घाटावरचा पाहुणा नाही, चहाला दूध नाही. वाढप्याला मालकाने सांगितले, "उद्यापासून येऊ नकोस." मालक तरी काय करणार म्हणा! वाढप्याने मला विचारले, "दादा, मी पूरग्रस्त की नाही?" तलाठी पंचनामा करतो तो पाणी शिरलेल्या घराचा. बुडालेल्या रोजाचा कोण करणार? मी त्याचे नाव युनियनच्या वहीत लिहून घेतले. तेवढेच हाती होते.