पायऱ्या कुठे आहेत?



दिवसभर कोड लिहिते आणि संध्याकाळी बुद्धिबळाचे डाव तपासते. तेही दोन संगणकांमधले! (हसू नका.) २०१७मध्ये अल्फाझिरोने एकही डाव न हरता स्टॉकफिशला १०० डावांत २८ वेळा हरवलं. त्यातला एक डाव मला सोडतच नाही. ४५व्या चालीला स्टॉकफिशचा काळा वजीर एच-८च्या कोपऱ्यात गेला. ४७व्या चालीला पांढऱ्याने घोड्यासाठी चक्क हत्ती दिला. ४९व्या चालीला दुसरा हत्ती एफ-६वर बसला आणि वजिराची वाट बंद! हत्ती मारावा, तर वजीर जातो. ५६व्या चालीला तो तसाच गेला.

पूर्वी मी इंजिन लावून आकडा बघायचे नि मान डोलवायचे. कळलेलं काहीच नसायचं. मग आपल्या गणिताच्या बाई आठवल्या. उत्तर बरोबर असलं तरी पायऱ्या नाहीत म्हणून दोन गुण कापायच्या. तेव्हा फार राग यायचा.

आता इंजिन बंद. लाकडी पट आणि वही. तो हत्ती का दिला, हे लिहिण्यात तीन संध्याकाळी गेल्या, तरी मधली एक पायरी जुळत नाही.

बाई, वही सोबत आणली आहे. जेवणं झाल्यावर बघाल का?