रोपें घरचीं, तर पीक घरचें

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत दिलेलें भाषण)

आज मी तुमच्यापुढें मिरची आणि टोमॅटो यांच्या रोपांवर बोलावयास उभा आहें. हें ऐकून कित्येक मंडळी मनांत म्हणतील कीं, ज्या चळवळीनें शिक्षणाची आणि माणुसकीची गोष्ट बोलावी, तिनें कुंडींत बीं कसें टाकावें हें सांगत बसावें काय? माझें उत्तर असें कीं, होय, सांगत बसावें. आपला शेतकरी चार दारांशीं हात जोडून उभा राहतो. बियाण्यासाठीं दुकानदाराच्या दाराशीं, रोपांसाठीं रोपवाल्याच्या दाराशीं, या दोहोंच्या पैशासाठीं सावकाराच्या दाराशीं, आणि पेरावें केव्हां हें विचारावयास पंचांगवाल्याच्या दाराशीं. एक कुंडी, एक पाटी माती आणि थोडें ज्ञान एवढ्यावर या चारहि दारांच्या खेपा पुष्कळ कमी होतात. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हां अज्ञानानें शेतकरी कसा नागवला जातो हेंच त्यांनीं दाखविलें. तोच धडा आज आपण एका लहानशा बियावर गिरवूं.

प्रथम मुहूर्ताचें पाहूं. मिरची व टोमॅटो हीं दोन्ही पिकें मूळचीं अमेरिका खंडांतलीं. मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकांत आपल्या किनाऱ्यावर आली. टोमॅटो तिच्याहि मागाहून आला. त्यापूर्वी आपल्या पूर्वजांच्या कालवणांत तिखटपणा असे तो मिऱ्यांचा, आल्याचा, पिंपळीचा. आतां तुम्हींच विचार करा. ज्या पिकाचें नांव जुन्या पोथ्यांना ठाऊकच नव्हतें, त्या पिकाचा मुहूर्त त्या पोथ्यांत कोठून येणार? बीं तिथि पाहत नाहीं. बीं पाहतें तें ऊब, ओल आणि हवा. आणि उगवून आलें म्हणजे उजेड.

तेव्हां दिवस मोजावयाचे ते उलटे मोजावेत. मिरचीचें रोप लावणीस तयार व्हावयास ३५ ते ४५ दिवस लागतात, टोमॅटोचें २५ ते ३० दिवसांत होतें. समजा, तुम्हांला १० जुलैला लावणी करावयाची आहे. तर मिरचीचें बीं १ जूनच्या सुमारास टाकावें आणि टोमॅटोचें १२ जूनच्या सुमारास. दोन्ही एकाच दिवशीं टाकलीं तर टोमॅटोचें रोप कुंडींत म्हातारें होतें आणि मिरचीचें अजून पोरच असतें. उन्हाळी पिकासाठीं बीं डिसेंबर-जानेवारींत टाकतात. त्या वेळीं थंडी असते, आणि थंड मातींत मिरचीचें बीं तीन तीन आठवडे पडून राहतें. त्याला २५ ते ३० अंश सेल्सियसची ऊब मानवते. ती ऊब आपल्या घरांत फुकट आहे. कुंडी रात्रीं चुलीजवळ, पण चुलीपासून हातभर दूर ठेवावी. अशा उबेंत टोमॅटो ५ ते ८ दिवसांत आणि मिरची ८ ते १२ दिवसांत उगवते.

आतां बियाणें. घरचें बीं ठेवावयाचें तर झाड निवडावें, फळ नंतर. ज्या झाडाला रोग नाहीं आणि फळें भरपूर आहेत, त्यावरचीं पूर्ण पिकलेलीं फळें घ्यावीं. मिरचीचा संकर शेजारच्या दुसऱ्या जातीशीं सहज होतो, म्हणून झाड वाफ्याच्या मधलें धरावें, कडेचें नको. टोमॅटोचें बीं गरासकट एक-दोन दिवस भांड्यांत आंबूं द्यावें, म्हणजे त्यावरचें बुळबुळीत आवरण सुटतें. मग धुऊन सावलींत वाळवावें. मात्र संकरित वाणाच्या फळांतलें बीं ठेवूं नये. पुढच्या पिढींत तें आईबापासारखें निपजत नाहीं. राहुरीचें कृषि विद्यापीठ महात्मा फुल्यांच्या नांवाचें आहे. त्यानें काढलेल्या मिरचीच्या एका जातीचें नांव ‘फुले ज्योती’ असें आहे. अशा सुधारलेल्या वाणांचें बीं एकदां आणून, नीट निवडून, पुढें घरीं ठेवतां येतें. आणि हें कोणाची चोरी करणें नव्हे. २००१ सालच्या वाणसंरक्षणाच्या कायद्यानें शेतकऱ्याला आपल्या शेतांतलें बीं राखण्याचा, पेरण्याचा, देवघेव करण्याचा आणि विकण्याचाहि हक्क दिला आहे. फक्त तें कंपनीसारखा छाप मारून विकतां येत नाहीं. हा हक्क ठाऊक नसेल, तर तो असून नसल्यासारखाच.

बीं टाकण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्यावी. वीस दाणे ओल्या फडक्यांत गुंडाळून उबेला ठेवावेत आणि दोन आठवडे वाट पाहावी. चौदा दाण्यांना मोड आले तर बीं शेंकडा सत्तर चांगलें. सहा-सातच आले, तर तें बीं टाकून महिना फुकट घालवूं नये. दुकानांतून आणलेलें बीं रंगीत असेल तर तें औषध लावलेलें असतें. तें पोरांच्या हातीं देऊं नये आणि काम झाल्यावर हात साबणानें धुवावेत.

भांडें कसलेंहि चालेल. आपल्या कुंभाराची पसरट कुंडी, बुरुडाची शेण-मातीनें लिंपलेली पाटी, तेलाचा रिकामा डबा, कांहींहि. पण बुडाला भोकें पाहिजेत. चाळलेली माती एक भाग, पूर्ण कुजलेलें शेणखत एक भाग आणि वाळू एक भाग असें मिश्रण करावें. अर्धवट कुजलेलें खत घालूं नये. त्यानें हुमणी आणि रोग हीं दोन्ही घरांत येतात. वांगीं, बटाटे, मिरची, टोमॅटो, तंबाखू हीं सारीं एकाच कुळांतलीं भावंडें आहेत. त्यांच्या जुन्या वाफ्यांतली माती घेऊं नये. एकाचा रोग दुसऱ्याला लागतो. एप्रिल-मे महिन्यांत ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिकचा कागद ताणून, कडा बुजवून, पांच-सहा आठवडे ठेवला, तर उन्हाच्या तावानेंच पुष्कळशी रोगट बुरशी मरते. ज्यांना मिळेल त्यांनीं ट्रायकोडर्मा नांवाची उपकारक बुरशी बियाण्यास चोळावी. किलोभर बियाण्यास ५ ग्रॅम हें प्रमाण, म्हणजे आपल्या मूठभर बियांस चिमूटभर पुरे.

बीं ओळींत टाकावें, दोन ओळींत चार बोटें अंतर, आणि खोली नखाएवढी, अर्धा ते एक सेंटीमीटर. वर चाळलेलें खत भुरभुरावें आणि ओलें गोणपाट झांकावें. पहिली रोपें डोकें वर काढतील त्याच दिवशीं गोणपाट काढावें. एक दिवस उशीर झाला तर रोपें पांढरीं, लांबट होतात. उगवेपर्यंत कुंडी घरांत असावी. उगवल्यावर ती पडवींत, वळचणीखालीं, जेथें भरपूर उजेड आहे पण पावसाचा मार व दुपारचें ऊन नाहीं अशा जागीं आणावी आणि रोज थोडी फिरवावी. माजघरांत उंच झालेलें रोप वाढलेलें नसतें. तें उजेडाकडे मान लांबवीत असतें, आणि लावणीनंतर पहिल्या वाऱ्याला मोडतें.

पाण्याविषयीं मी माझी स्वतःची चूक सांगतों. एके वर्षीं मीं चांगला दिवस पाहून मिरचीचें बीं मुठीनें दाट विसकटलें आणि रोज संध्याकाळीं वाफा तुडुंब भरला. रोपें हिरवींगार उगवलीं. आठव्या दिवशीं सकाळीं पाहतों तों निम्मीं रोपें मातीलगत सडून आडवीं! घरांत एकच ओरड झाली कीं, नजर लागली. आदल्या दिवशीं शेजारच्या एका विधवा बाईनें वाफा पाहून, ‘रोपें छान आलीं हो,’ असें म्हटलें होतें. झालें! सारा ठपका तिच्यावर. ती बिचारी आमच्या दारावरून जाणें सोडून लांबच्या वाटेनें पाण्याला जाऊं लागली, आणि मी सर्व पाहत गप्प बसलों. पुढें मला कळलें कीं, ही रोपांची मर होय. दाटी, कोंदट हवा आणि रात्रभर ओली राहिलेली माती मिळाली कीं मातींतली बुरशी रोपाची मान खाते. दोष बाईच्या डोळ्यांत नव्हता, तो माझ्या घागरींत होता. मीं तिच्या घरीं जाऊन हात जोडले. तिनें क्षमा केली. पण मीं एका निरपराध माणसाला महिनाभर वाळींत टाकल्यासारखें केलें, याची लाज मला आजहि वाटते. रोपें पुन्हां लावतां येतात. माणसाची गेलेली पत तशी येत नाहीं.

म्हणून लक्षांत ठेवा. पाणी सकाळीं, झारीनें, वरची माती सुकूं लागल्यावरच. दाट रोपें लहान असतांनाच उपटून विरळ करावींत. आडवीं झालेलीं रोपें भोंवतालच्या मातीसकट काढून दूर टाकावींत.

असाच दुसरा समज आहे कीं, बाहेर बसलेल्या बाईनें शिवलें तर मिरची जळते. मायबहिणींनो, हें साफ खोटें आहे. रोपांना खरा विटाळ होतो तो निराळाच. तंबाखूंत केवडा रोगाचा एक विषाणू असतो. तंबाखू मळलेल्या हातानें रोप धरलें कीं तो मिरची-टोमॅटोला लागूं शकतो. तेव्हां शिवूं नये असें सांगावयाचेंच असेल तर तें घरच्या कर्त्या पुरुषाला सांगा, कीं बाबा, आधीं साबणानें हात धुऊन ये! जात कोणतीहि असो, बाईमाणूस असो कीं पुरुष असो, स्वच्छ हात रोपाला चालतो.

पानें आंखडून गोळा होतात, त्यास आपण बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणतों. टोमॅटोंत हा रोग पांढरी माशी आणते. मिरचींत फुलकिडे व कोळी यांनीं पानें मुरडतात, आणि विषाणूहि असतो. विषाणू एकदां रोपांत शिरला कीं त्यावर औषध नाहीं. रोप उपटणें हाच उपाय. म्हणून उगवल्यापासून लावणीपर्यंत कुंडीवर बांबूच्या कामट्या वांकवून बारीक विणीची जाळी घालावी. मच्छरदाणीचीं भोकें यासाठीं मोठीं पडतात. ४० ते ५० मेशची कीडरोधक जाळी मिळते. ती न मिळाल्यास जुनें विरळ सुती लुगडें चालेल, पण उजेड आंत आला पाहिजे.

लावणीच्या आठ-दहा दिवस आधीं पाणी कमी करीत जावें आणि ऊन वाढवीत जावें, म्हणजे रोप काटक होतें. लावणी सायंकाळीं करावी. टोमॅटोचें रोप थोडें खोल लावावें, त्याच्या खोडाला मुळें फुटतात. मिरचीचें पूर्वी होतें तेवढेंच.

आतां हिशेब. एक गुंठा म्हणजे सुमारें १०१ चौरस मीटर. ६० बाय ४५ सेंटीमीटर अंतरानें त्यांत सुमारें ३७० रोपें बसतात. रोपवाटिकेंत वापरतात तीं ९८ खांचांचीं तबकें घेतलीं तर चार तबकें पुरतात. चार तबकांची जागा कोणाच्या ओसरीवर नाहीं? ज्याला जमीन नाहीं अशा कारागिरानेंहि हें काम करावें. कुंभारानें कुंड्या द्याव्या, बुरुडानें पाट्या व कामट्या द्याव्या, शेतकऱ्यानें बीं व खत द्यावें, आणि तयार रोपें वांटून घ्यावींत. उरलेलीं बाजारांत विकावींत. मात्र पैसा आला कीं हिशेब घरच्या बाईच्या हातीं राहूं द्या. रोज सकाळीं झारी तिनें धरलेली असते.

शेवटीं एकच मागणें. पुढच्या सभेला येतांना प्रत्येक घरानें एक कुंडी आणावी. रोपें चांगलीं आलीं असतील तर तीं दाखवा. मेलीं असतील तर तींहि आणा, आणि कां मेलीं तें चारचौघांत सांगा. लपवूं नका, कोणाच्या नजरेवर ढकलूं नका. कारण शोधण्याची संवय आपल्या घरांना लागली, तर आज मिरचीपासून केलेली सुरुवात मिरचीवरच थांबणार नाहीं.