गटारातील मृत्यू हा अपघात नव्हे



गटारात कामगार गुदमरून मेला की ‘अपघात’ असे लिहून कागद मिटविला जातो. हा शब्द आपण मान्य करता कामा नये. कुजलेल्या मैल्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू हवेहून जड असल्याने तळाशी साचतो. प्रथम कुजक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढताच घ्राणशक्ती बधिर होते आणि धोका टळला असे कामगारास वाटते. त्यास काढावयास उतरलेला सोबतीही तेथेच कोसळतो. हे ठाऊक असूनही माणसास साधनांवाचून खाली उतरविणे हा गुन्हाच होय.

हाताने मैला साफ करविण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याचे कलम ७ हेच सांगते. पहिल्या गुन्ह्यास २ वर्षांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली मृताच्या कुटुंबास ३० लाख रुपये भरपाई ठरविली. ती अवश्य घ्या. परंतु फिर्याद सोडू नका. भरपाई ही मौनाची किंमत नव्हे. आणि मुकादम ‘उतर’ म्हणाला, तर ‘आधी यंत्र आणा’ असे एकट्याने नव्हे, सर्वांनी मिळून सांगा.